चौदावं वर्ष आणि चौथा घात

डिसेंबर 2002 मध्ये नेदरलँड्समधल्या हेग शहरात, फिगर स्केटिंगच्या कनिष्ठ गटाच्या स्पर्धेत, मिकी आंदो या जपानी मुलीने सॅल्काव नावाची उडी मारली आणि बर्फावर परत टेकेपर्यंत स्वतःभोवती चार फेऱ्या पूर्ण केल्या. स्पर्धेत चौपट उडी साधणारी ती पहिली स्त्री. वय 14. पुढे 2007 आणि 2011 मध्ये ती जगज्जेती झाली, पण ती दोन्ही जेतेपदं तिला तिपटी उड्यांवर मिळाली. चौदाव्या वर्षी जमलेली उडी एकोणिसाव्या आणि तेविसाव्या वर्षी, अनुभव कितीतरी वाढलेला असताना, तिच्या कार्यक्रमात नव्हती.

याचं एक उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं: लहान मुली हलक्या असतात, म्हणून उंच उडतात. मीही बरीच वर्षं तेच मानत होतो. ते चूक आहे, आणि ते का चूक आहे हे कळल्यापासून हा खेळ मला वेगळाच दिसू लागला.

आधी उंचीचं पाहू. उडीला लागणारी ऊर्जा स्नायू देतात. शरीर सगळ्या बाजूंनी सारख्या प्रमाणात मोठं झालं, तर स्नायूंचं वस्तुमान जितक्या पटीने वाढतं तितक्याच पटीने उचलायचं वजनही वाढतं. म्हणजे उडीची उंची जवळपास तेवढीच राहते. सतराव्या शतकात इटलीतल्या जोव्हान्नी बोरेल्लीने हा हिशोब मांडला होता. हलकेपणाने जे कमावलं ते स्नायू लहान असल्याने गमावलं.

शिवाय उंचीने फारसं साधतही नाही. 40 सेंटिमीटर उडी मारली तर हवेत मिळणारा वेळ सुमारे 0.57 सेकंद. उंची 50 सेंटिमीटर केली, म्हणजे चांगली पाव हिश्शाने वाढवली, तरी वेळ होतो 0.64 सेकंद. पाव हिश्शाच्या जादा मेहनतीवर मिळकत फक्त 12 टक्के, कारण वेळ उंचीच्या वर्गमुळाने वाढतो.

मग चार फेऱ्या बसवायच्या कुठे? काही फिरकी बर्फ सोडतानाच घेतली जाते, ती वजा केली तरी हवेत साडेतीनच्या आसपास फेऱ्या उरतात. त्या 0.57 सेकंदात करायच्या म्हणजे सेकंदाला सहा, मिनिटाला साडेतीनशेच्या वर. छताचा पंखा पूर्ण वेगात साधारण इतकाच फिरतो. चौपट उडीचं गुपित उंचीत नसून या फिरण्याच्या वेगात आहे.

आता माझा आवडता भाग. हवेत गेल्यावर ढकलायला काहीच नसतं, त्यामुळे पाय सुटताना जेवढा कोनीय संवेग मिळाला तेवढाच शेवटपर्यंत पुरवायचा. कोनीय संवेग म्हणजे फिरण्याचा वेग गुणिले फिरण्याला होणारा शरीराचा विरोध. या विरोधाला पुस्तकात जडत्व आघूर्ण म्हणतात. गुणाकार ठरलेला, म्हणून विरोध कमी केला की वेग आपोआप वाढतो. हात छातीशी घट्ट ओढून घेतात ते यासाठीच. हे शाळेत फिरत्या खुर्चीवर बसून बहुतेकांनी पाहिलेलं असतं. पण हात ओढून झाले, पाय जुळवून झाले, की पुढे ओढायला काही उरत नाही. उरतं ते धड. आणि धडाची रुंदी इच्छेने कमी होत नाही.

धड म्हणजे एक उभा दंडगोल आहे असं समजू. खरं शरीर तसं नसतं, पण अंदाजाला चालेल. दंडगोलाचं जडत्व आघूर्ण वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग, आणि त्याचं निम्मं. पण वस्तुमान स्वतःच त्रिज्येच्या वर्गावर आणि उंचीवर अवलंबून आहे. त्रिज्येचे दोन घात इथले, दोन तिथले. म्हणजे जडत्व आघूर्ण उंचीच्या पहिल्या घाताने वाढतं, पण जाडीच्या चौथ्या घाताने. उंची 10 टक्के वाढली तर विरोध 10 टक्केच वाढतो. तीच वाढ रुंदीत झाली तर 1.1 चा चौथा घात, म्हणजे 46 टक्के!

मुलगी दोन-चार इंच उंच झाली म्हणून उडी गेली, असं म्हणणारे चुकीच्या दिशेला बघत असतात. उंची हा किरकोळ खर्च आहे. नितंब आणि खांदे रुंदावले की खरी किंमत मोजावी लागते. रुंदी फक्त 5 टक्क्यांनी वाढली असं धरा. विरोध जवळपास 22 टक्क्यांनी वाढतो, आणि संवेग तेवढाच असेल तर वेग 82 टक्क्यांवर येतो. हवेतल्या साडेतीन फेऱ्यांच्या 2.9 होतात. अर्ध्या फेरीहून जास्त तूट! पाव फेरीहून जास्त तूट पडली की उडीचे मूळ गुणच कापले जातात, आणि अर्धी किंवा त्याहून जास्त पडली की ती उडी एका फेरीने खालची मानली जाते. तेही उभं राहता आलं तर.

अर्थात संवेगही थोडा वाढतो, कारण ताकद वाढते. किती वाढतो? बल स्नायूच्या छेदाच्या क्षेत्रफळाप्रमाणे, म्हणजे लांबीच्या दुसऱ्या घाताने. फिरवण्याचा जोर मिळायला त्याला अक्षापासूनच्या अंतराने गुणायचं, झाला तिसरा. ढकलण्याचा अवधी लांबीच्या पहिल्या घाताने, म्हणून संवेग चौथ्या घाताने वाढतो. आणि सगळं शरीर सारख्या प्रमाणात वाढलं तर जडत्व आघूर्ण वाढतं पाचव्या घाताने. भागाकार केला की वेग लांबीच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. हे गणित डोक्यावरून गेलं असेल तर निकाल तेवढा घ्या: अगदी प्रमाणबद्ध वाढ झाली तरी मोठं शरीर हळू फिरतं. वयात येणाऱ्या मुलीची वाढ तर प्रमाणबद्धही नसते. इस्ट्रोजेनमुळे कंबरेखालचा भाग रुंदावतो आणि शरीरातल्या चरबीचा वाटा वाढतो. मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन त्याच काळात स्नायूंची भर घालतं, आणि तोट्याची भरपाई होऊन वर शिल्लक उरते. अमेरिकेच्या इलिया मालिनिनने 2022 मध्ये साडेचार फेऱ्यांचा ॲक्सेल (पुढे तोंड करून मारायची उडी) जगात पहिल्यांदा स्पर्धेत उतरवला तो सतराव्या वर्षी, चेहऱ्यावर मिशी फुटण्याच्या वयात.

आता विक्रमांची यादी पुन्हा वाचून बघा. नॉर्वेची सोन्या हेनी 1927 मध्ये चौदाव्या वर्षी जगज्जेती. अमेरिकेच्या टारा लिपिन्स्कीने 1997 मध्ये तिच्याहून महिनाभराने लहान असताना तेच केलं, आणि 1998 मध्ये नागानोला 15 वर्षं 255 दिवसांची असताना ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. रशियाची अलिना झागितोवा 2018 मध्ये, तीही पंधरा. त्याच वर्षी अलेक्झांड्रा त्रुसोव्हाने तेराव्या वर्षी कनिष्ठ जागतिक स्पर्धेत एकाच कार्यक्रमात दोन चौपट उड्या मारल्या. हेनीला मात्र या रांगेतून बाजूला काढलं पाहिजे. तिच्या काळी बर्फावर ठरलेल्या आकृत्या कोरण्याला मोठं वजन होतं, आणि स्पर्धकही मोजके. आकृत्या 1990 नंतर बंद झाल्या, गुण उड्यांकडे सरकले, आणि चौथा घात मैदानात उतरला.

अशा मुलींची चित्रफीत पसरली की लगेच 'दैवी देणगी' आणि 'पूर्वजन्मीचं संचित' सुरू होतं. मला याचा मनापासून राग येतो. पहाटे उठून हजारो वेळा आपटलेल्या पोरीची मेहनत त्यात एका शब्दाने पुसली जाते, आणि ती उडी सतराव्या वर्षी गेली की 'देणगी वाया घालवली' असा दोषही तिलाच लागतो. त्याहून घातक म्हणजे 'वाढ थोपवा' हा विचार. चौथ्या घाताशी भांडायचं तर कमी खायचं, हा निष्कर्ष कोवळ्या मुली स्वतःच काढतात. कमी खाल्लं की पाळी लांबते, हाडांत खनिज भरण्याची हीच वर्षं रिकामी जातात, आणि त्याच हाडांवर दिवसातून अनेकदा, एका पायावर, वजनाच्या कितीतरी पट आघात होत राहतो. 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये पंधराव्या वर्षी सांघिक सुवर्ण जिंकलेली युलिया लिपनित्स्काया 2017 मध्ये निवृत्त झाली. कारण तिनेच सांगितलं: ॲनोरेक्सिया, म्हणजे वजनाच्या धास्तीने खाणं तोडत नेणारा आजार.

नियमांनी हे हळूहळू ओळखलं. वरिष्ठ गटासाठी 1 जुलैपूर्वी 15 पूर्ण, ही जुनी अट. तिच्यामुळे जपानची माओ असादा 87 दिवसांनी 2006 च्या ऑलिंपिकला मुकली, तर झागितोवा सहा आठवडे राखून 2018 मध्ये आत आली. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रशियाच्या पंधरा वर्षांच्या कामिला वालियेवाच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडीन हे खेळाडूंना बंदी असलेलं हृदयविकाराचं औषध सापडल्याचं बाहेर आलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने 100 विरुद्ध 16 मतांनी वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने 17 वर नेली. हा निर्णय मला योग्य वाटतो. पण त्यामुळे चौपट उड्या संपतील असं नाही. बीजिंगमधली सुवर्णविजेती श्चेर्बाकोवा आणि एकाच कार्यक्रमात पाच चौपट उड्या घेणारी रौप्यविजेती त्रुसोव्हा या दोघी नव्या अटीतही बसल्या असत्या. कझाकस्तानच्या एलिझाबेत तुर्सिन्बायेवाने तर 2019 मध्ये साइतामाला, वरिष्ठ गटातली स्त्रियांची पहिली चौपट उडी घेतली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

आणि चौपट उडीशिवायही जिंकता येतं. जपानच्या काओरी साकामोतोने 2022, 2023, 2024 अशी सलग तीन जागतिक जेतेपदं घेतली, एकदाही चौपट उडी न मारता. अमेरिकेची ॲलिसा लिऊ 2019 मध्ये तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेती झाली ती साडेतीन फेऱ्यांच्या ॲक्सेलच्या जोरावर; सोळाव्या वर्षी तिने खेळ सोडला, दोन वर्षांनी परत आली, आणि 2025 मध्ये बॉस्टनला एकोणिसाव्या वर्षी जगज्जेती झाली. तो ॲक्सेल त्या कार्यक्रमात नव्हता.