ब्रोमाइड फोटो आणि छापील चित्रकार्ड: जत्रेच्या व मनोरंजन उद्यानांच्या जुन्या चित्रांत फरक कसा ओळखावा

आपल्या वऱ्हाडातील खेड्यांत चौकटीत लावलेल्या प्रत्येक कागदाला सरसकट ‘फोटो’ म्हणण्याची रीत आहे. बहिरमच्या जत्रेत तंबूत काढून घेतलेली आजोबांची छबी हाही फोटो, मुंबईच्या सहलीहून आणलेले एस्सेलवर्ल्डचे कार्ड हाही फोटो, आणि दिनदर्शिकेवरून कापून काचेत बसवलेला गजानन महाराजांचा कागद हाही फोटोच. घरात बोलताना याने काही अडत नाही. परंतु जत्रा, आकाशपाळणे आणि मनोरंजन उद्याने यांच्या जुन्या वस्तू ज्याला जमवायच्या आहेत, त्याने मात्र पहिल्याच दिवशी एक भेद मनात पक्का करून घ्यावा. यातील काही कागद प्रकाशाने उमटलेले असतात आणि काही शाईने छापलेले असतात. दोन्ही सारख्याच आकाराचे, सारखेच पिवळटलेले आणि एकाच पेटीत सापडणारे असले, तरी त्यांचे वय ठरवण्याची पद्धत, त्यांच्यावर ठेवायचा विश्वास आणि त्यांना जपण्याची रीत या तिन्ही बाबी वेगवेगळ्या आहेत.

पहिल्या प्रकाराला आपल्याकडचे जुने फोटोग्राफर ‘ब्रोमाइड’ म्हणत. कागदावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात चांदीचे क्षार असत. निगेटिव्हमधून प्रकाश पडला, कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, बुडवला, की जेथे प्रकाश लागला तेथे क्षारांची चांदी होऊन ती काळी दिसे. उरलेले क्षार हायपो नावाच्या रसायनाच्या पाण्यात विरघळवून टाकत आणि शेवटी कागद वाहत्या पाण्यात भरपूर धूत. जत्रेच्या तंबूत पाणी बेताचे आणि बाहेर गिऱ्हाईक ताटकळलेले, त्यामुळे धुणे बहुधा अपुरे राही. हायपोचा अंश कागदात उरला की पुढे काही वर्षांनी चित्र पिवळे, तपकिरी पडू लागते. म्हणून जत्रेतला फोटो त्याच काळातल्या शहरी स्टुडिओतल्या फोटोपेक्षा अधिक विटलेला दिसला, तर तो अधिक जुनाच असेल असे समजू नये.

दुसरा प्रकार छापखान्याचा. छापखान्याच्या शाईला काळे आणि कोरे एवढेच ठाऊक, मधली राखाडी छटा तिला देता येत नाही. यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाफटोनची युक्ती रूढ झाली. चित्र बारीक जाळीतून पुन्हा टिपायचे, त्याचे लहानमोठे ठिपके करायचे आणि त्या ठिपक्यांचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, बनवून छापायचे. गडद जागी ठिपके मोठे व खेटून, फिक्या जागी लहान व सुटे, आणि दुरून पाहणाऱ्या डोळ्याला त्यातून छटा भासते. आपल्या देशात कोलकात्याच्या उपेंद्रकिशोर राय यांनी हे तंत्र नुसते आणले नाही, तर त्यात मोलाची भर घातली. त्यांनी १८९५ मध्ये काढलेली ब्लॉक बनवण्याची संस्था पुढे यू. राय अँड सन्स या नावाने ओळखली गेली. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदाला इंचाला साधारण ६५ ते ८५ रेघांची जाळी पुरे, आणि गुळगुळीत आर्ट पेपरवर ती १३३ ते १५० पर्यंत जाई. चित्रकार्डे अशा गुळगुळीत कागदावर छापलेली असल्यामुळेच नुसत्या डोळ्यांनी ठिपके दिसत नाहीत आणि फसगत होते.

माझ्या संग्रहात एकाच आकाराची दोन चित्रे आहेत, दोन्ही साडेतीन बाय साडेपाच इंचांची, म्हणजे पोस्टकार्ड साइजची, आणि दोन्हींवर आकाशपाळणा आहे. सकाळच्या उजेडात उंबरठ्यावर बसून घड्याळजीच्या दहापट भिंगातून मी ती लागोपाठ पाहिली. पहिल्यात पाळण्याच्या लाकडी दांड्याची कडा हळूहळू, साय पसरावी तशी सावलीत मिसळत गेली होती. कुठेही ठिपका नव्हता, रेघ नव्हती. कागद किंचित तिरपा धरला तेव्हा दांड्याच्या काळ्या भागावर आणि चित्राच्या कडांना निळसर, आरशासारखी झाक चमकून गेली. ही झाक म्हणजे जिलेटिनमधून वर आलेली चांदी होय. शाईला अशी झाक कधीच येत नाही, त्यामुळे भिंग जवळ नसले तरी या एका खुणेवर ब्रोमाइड ओळखता येते. दुसऱ्या चित्रात पाळण्यातल्या माणसाचा चेहरा भिंगाखाली येताच विरघळून गेला. तेथे डोळे नव्हते, नाक नव्हते, ज्वारीच्या पेरणीसारखे ओळीने पडलेले काळे ठिपके होते. चेहऱ्यातील जो तपशील छापताना ठिपक्यांत हरवला, तो कितीही मोठे भिंग आणले तरी परत मिळत नाही. ब्रोमाइडमध्ये मात्र कित्येकदा मागच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरेही लागतात.

एवढ्यावर निर्धास्त होऊ नये, कारण ठिपका नाही म्हणजे फोटोच असा नियम नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातल्या दृश्यांची पुष्कळ चित्रकार्डे जर्मनीत छापून येत, आणि त्यांपैकी अनेक कोलोटाइप पद्धतीची असत. त्यात जाळी नसते. भिंगाखाली अळीने कोरल्यासारख्या बारीक वेड्यावाकड्या सुरकुत्या दिसतात. उलट प्रकारही मी अनुभवला आहे. एका बाजारात मला ‘अस्सल जुना फोटो’ म्हणून परदेशी उद्यानातल्या आकाशपाळण्याच्या चक्राचे एक चित्र मिळाले. कागद ब्रोमाइडचा, चांदीची झाकही होती, आणि तरीही भिंगाखाली मऊ, धूसर कडांचे ठिपके ओळीने उभे होते. कोणीतरी छापील कार्डाचाच फोटो काढून ब्रोमाइडवर उतरवला होता. विकणाऱ्याने खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही, कारण वस्तू फोटोच होती. तो फोटो चक्राचा नव्हता, चक्राच्या चित्राचा होता, एवढाच फरक. आजकाल घरच्या प्रिंटरवर काढलेल्या प्रती तर झटकन ओळखू येतात, कारण काळ्यापांढऱ्या चित्रातसुद्धा निळे, गुलाबी, पिवळे शिंतोडे विखुरलेले दिसतात.

वय ठरवायचे तर कागद उलटा करावा. परदेशी उद्यानांच्या कार्डांत पाठीमागे मध्ये रेघ मारून डावीकडे मजकुराला जागा सोडलेली असेल, तर ब्रिटनमधले कार्ड १९०२ नंतरचे आणि अमेरिकेतले १९०७ नंतरचे असते, कारण त्याआधी पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहिण्यास टपाल खात्याची परवानगी नव्हती. खऱ्या फोटोच्या पोस्टकार्डावर तिकिटाच्या चौकटीत पुष्कळदा कागद बनवणाऱ्याचे नाव छापलेले असते. ‘ॲझो’ नावाच्या कोडॅकच्या कागदावर चार कोपऱ्यांत चार त्रिकोण असून चारही टोके वर असतील, तर तो कागद सर्वसाधारणपणे १९०४ ते १९१८ या काळातला मानतात. यातून कागदाचा काळ कळतो, चित्राचा नव्हे, कारण जुन्या निगेटिव्हवरून नवी प्रत केव्हाही काढता येते. आणखी एक सोय तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळते, ती म्हणजे नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची टॉर्च. अंधाऱ्या खोलीत तिच्या उजेडात फोटोचा कागद निळसर पांढरा झळाळला, तर त्यात उजळपणा आणणारी रसायने आहेत आणि ती फोटोच्या कागदात साधारण १९५० नंतरच आली. झळाळला नाही तर तो जुना असू शकतो, जुनाच असेल असे नाही. बोट ओले करून चित्राच्या कोपऱ्यावर घासून पाहण्याची सवय काही विक्रेत्यांना असते. ती मात्र कोणीही उचलू नये, कारण ओल्या जिलेटिनवर उमटलेला ठसा कायमचा राहतो.

आता विश्वासाचा प्रश्न. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक मेळ्यात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने उभारलेले आकाशपाळण्याचे चक्र २६४ फूट उंच होते आणि त्याला ३६ डबे होते. त्या मेळ्यात विकलेली अधिकृत चित्रकार्डे चित्रकारांच्या चित्रांवरून छापलेली होती, तर मेळ्याच्या छायाचित्रकारांनी काढलेले फोटो वेगळे होते. पाळण्याची बांधणी अभ्यासायची असेल तर फोटो पाहावा, आणि मेळा भरवणाऱ्यांना तो लोकांना कसा दाखवायचा होता हे पाहायचे असेल तर कार्ड पाहावे. त्या काळी रंगीत कार्डांचे रंग छापखान्यात भरत, आणि रंग भरणाऱ्याने ती जागा पाहिलेलीच असे असे नाही. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवरचे ल्यूना पार्क १९०३ मध्ये सुरू झाले आणि विजेच्या दिव्यांसाठी गाजले. अशा उद्यानांच्या रात्रीच्या कार्डांत दिवसाच्याच फोटोवर निळा रंग चढवून, चंद्र आणि पिवळ्या खिडक्या घालण्याची रीत सर्रास होती. त्यामुळे छापील कार्डावरून रंगाबद्दल किंवा वेळेबद्दल निष्कर्ष काढू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

छापील वस्तूची बाजू मात्र एका बाबतीत वरचढ आहे. तिच्यावरच्या मजकुरावरून तिचा काळ बांधता येतो. कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले, आणि तेथील तिकीटपुस्तिकांत ‘ई’ वर्गाचे तिकीट १९५९ मध्ये आले. तेव्हा ‘ई’ तिकीट असलेली पुस्तिका पहिल्या वर्षाची म्हणून कोणी विकत असेल, तर बोलणी तेथेच थांबवावीत. दिल्लीचे अप्पू घर १९८४ ते २००८ एवढीच वर्षे चालले आणि एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले. या वर्षांच्या आधाराने आपल्या घरांतली सहलीची कार्डे, तिकिटे आणि फोटो निदान एका कालखंडात तरी बसवता येतात.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अशा रंगीत फोटोंत चांदी शिल्लकच नसते. चित्र तीन रंगद्रव्यांचे असते, आणि त्यातला निळसर रंग पुष्कळदा आधी उडून जाऊन सारे कुटुंब तांबूस दिसू लागते. त्याच वेळी आणलेले छापील कार्ड अंधारात ठेवलेले असेल तर अजून ताजे दिसते.

जपणुकीत आपल्याकडचे हवामान सर्वांत मोठा शत्रू आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि ज्या खोलीत आपण बसतो त्याच खोलीत कुलर ओलसर हवा ओतत असतो. त्यानंतर लगेच पावसाळा येतो. जिलेटिन हवेतली ओल पिऊन फुगते, चिकट होते आणि चौकटीच्या काचेला धरून बसते. आमच्या शेजारच्या घरी पुठ्ठ्याच्या विमानात बसलेल्या एका मुलाचा जत्रेतला फोटो असाच काचेला चिकटला होता. घरच्यांनी तो कोरडाच ओढून काढला आणि मुलाचा अर्धा चेहरा काचेवर राहिला. चिकटलेला फोटो ओढू नये. काचेसकट तसाच ठेवून वरून चांगला डिजिटल फोटो काढून घ्यावा आणि मूळ वस्तू जाणकाराकडे न्यावी. पुन्हा चौकट करताना काच आणि फोटो यांमध्ये जाड पुठ्ठ्याची पोकळ चौकट घातली की दोघांचा स्पर्श होत नाही.

छापील कार्डांना ओल वेगळ्या रीतीने मारते. आर्ट पेपरवरचा खडूचा लेप भिजला की कार्डांची एकच वीट होते, तर वर्तमानपत्राचा कागद ओलीवाचूनही स्वतःच्या आम्लाने पिवळा पडून मोडतो. म्हणून कात्रणे ब्रोमाइडला टेकवून ठेवू नयेत. दोन्ही प्रकार वेगवेगळ्या कागदी पाकिटांत, कुलरच्या झोतापासून दूर, भिंतीला न लागणाऱ्या आणि जमिनीपासून वर असलेल्या कपाटात ठेवावेत, म्हणजे वाळवी व कसर लवकर नजरेस पडते. पेटीत कडुलिंबाचा पाला घालायचाच असेल तर तो वाळवून, कापडात बांधून, चित्रांना स्पर्श होणार नाही असा ठेवावा. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी दोन्ही टाळावीत.

पैशाच्या दृष्टीने पाहिले तर सामान्यतः छापील कार्डाच्या हजारो प्रती निघत आणि जत्रेतल्या ब्रोमाइडची बहुधा एकच प्रत असे. तरीही परदेशी उद्यानाच्या कार्डाला गिऱ्हाईक आहे आणि आपल्या जत्रेच्या फोटोला बाजारभावच नाही, ही आजची स्थिती आहे. त्याचा परिणाम असा की वाटणीच्या वेळी किंवा घर पाडताना हे फोटो रद्दीत जातात, आणि रोडग्यांच्या चुली, बैलगाड्यांच्या रांगा, हाताने फिरवायचा लाकडी पाळणा यांचे तेथे उमटलेले एकमेव चित्र त्यांच्याबरोबर जाते. छापील कार्डावर छापणाऱ्याने बहुधा ठिकाणाचे नाव घातलेले असते. ब्रोमाइडच्या पाठीवर बहुतेक वेळा काहीच नसते. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पुढ्यात बसवून प्रत्येक फोटोत कोण आहे, कोणती जत्रा, कोणाच्या लग्नाच्या आधी की नंतर, एवढे विचारावे, आणि फोटो टणक, कोरड्या पाट्यावर पालथा ठेवून मऊ शिसाच्या पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेजवळ लिहून ठेवावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो आणि शाई ओलीत पसरते.