बारा मिनिटांत नव्वद मिनिटं

कर्वेनगरला बहिणीकडे गेलो की चपला काढायच्या आत भाच्याच्या फुटबॉलच्या व्हिडिओ गेमचा स्कोअर कानावर पडतो. "मामा, 7-5 ने जिंकलो!" आता, 2022 च्या खऱ्या फुटबॉल वर्ल्ड कपात 64 सामन्यांत 172 गोल झाले, म्हणजे सामन्यामागे साधारण 2.7. सात किंवा जास्त गोल फक्त तीन सामन्यांत झाले. आमच्याकडे रविवारी पोहे होईपर्यंत तसे दोन होऊन जातात.

खेळ ईए स्पोर्ट्स एफसी, 2023 पर्यंत ज्याला फिफा म्हणायचे तो. त्याच्या सेटिंगमध्ये स्लायडर, म्हणजे आकडा कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या असतात: धावण्याचा वेग, पासमधली चूक, शॉटमधली चूक, गोलकीपरची कुवत. प्रत्येक 0 ते 100, मूळ आकडा 50. आपल्या संघाचे वेगळे, कॉम्प्युटरच्या संघाचे वेगळे.

पण त्याला हात लावण्याआधी घड्याळ पाहावं. सहा मिनिटांचा हाफ घेतला तर नव्वद मिनिटं बारात बसवायची, म्हणजे घड्याळ साडेसातपट पळतं. खेळाडूचे पाय मात्र तसे पळवता येत नाहीत. खरा चपळ विंगर ताशी 35 किलोमीटरच्या आसपास धावतो. साडेसातपटीने तो 260 च्या वर जाईल! मग हालचाल खरी ठेवायची, तर बारा मिनिटांत खेळ होणार बारा मिनिटांचाच, आणि गोल सरासरी 0.36. ज्यांनी बालेवाडीत एफसी पुणे सिटीचे सामने पाहिलेत, त्यांना ठाऊक आहे की वेळेचा तिसरा हिस्सा तरी थ्रो-इन, फ्री किक आणि लोळणाऱ्या खेळाडूंतच जातो. चेंडू खेळात असतो जेमतेम 55 ते 60 मिनिटं. व्हिडिओ गेममध्ये हे थांबणं बरंचसं कापलेलं असतं. तेवढी सूट दिली तरी सरासरी अर्ध्या गोलाच्या थोडीच वर सरकते. तेव्हा बनवणाऱ्यांना गोल स्वस्त करावाच लागतो.

भाच्याने हाफ दहा मिनिटांचा केला होता आणि स्लायडर सगळे 50 वर. खेळायला वेळ दीडपटीहून जास्त, गोलाचा भाव तोच. 7-5 होणार नाही तर काय?

उपाय म्हणून त्याने शॉटमधली चूक 50 वरून थेट 75 केली. इथे भूमिती आडवी येते. चूक म्हणजे नेमापासून कोनात हलणं असं धरलं, तर 5 अंशांनी 20 मीटरवरून चेंडू पावणेदोन मीटर सरकतो, 6 मीटरवरून फक्त अर्धा मीटर. गोल 7.32 मीटर रुंद. लांबचे फटके बाहेर जातात, जवळचे तसेच आत. परिणाम असा की गडी चेंडू पायाशी घेऊन थेट गोलपोस्टपर्यंत चालत जाऊ लागला. गोलांची संख्या घटली, पण खेळ आणखी खोटा दिसायला लागला. माझ्या मते आधी पासमधली चूक वाढवावी, म्हणजे तिथपर्यंत पोचणंच अवघड होतं. आणि एका वेळी एकच स्लायडर हलवावा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

दुसरी घाई म्हणजे दोन सामने खेळून निकाल लावणं. गोलासारख्या विरळ घटनांना प्वासाँचं गणित (सरासरीवरून अशी घटना किती वेळा घडेल याची शक्यता सांगणारं) बऱ्यापैकी लागू पडतं. 1898 मध्ये बोर्टकिएविच या संख्याशास्त्रज्ञाने तेच गणित प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने मेलेल्यांच्या आकड्यांना लावून दाखवलं होतं. सरासरी 2.7 असली तरी या हिशेबाने पंधरातला एक सामना 0-0 सुटतो. (वर्ल्ड कपात अंदाज चारेकांचा होता, प्रत्यक्षात सात सुटले. फुटबॉल गणितापेक्षा जरा जास्तच कंटाळवाणा आहे.) चार सामन्यांची सरासरी सहज दीड ते चार अशी कुठेही पडते. पंचवीस सामन्यांनंतर ती बहुधा दोन ते साडेतीनच्या पट्ट्यात येते.

म्हणून त्याला शंभर पानी वही दिली. अकराव्या सामन्यात 0-0 झालं आणि त्याचा हात लगेच सेटिंगकडे गेला.

"आधी लिही," म्हटलं. "मग बारावा लाव."