पेज

पेज : तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून, पाणी न वेळता, मीठ घालून केलेला पातळ पदार्थ. कोकण किनारपट्टीवर, विशेषतः सिंधुदुर्ग व गोव्यात, तो सकाळच्या कामानंतरची न्याहारी आणि आजारपणातील पथ्य अशा दोन्ही रूपांत रूढ आहे. त्यासाठी उकडे तांदूळ घेतात. भात टरफलासह उकडून, वाळवून मग कांडलेला असल्याने दाणा शिजूनही अखंड राहतो आणि वर स्वच्छ पाणी साचते. या पाण्याला ‘निवळ’ म्हणतात. सोबत लोणचे, खारातली कैरी, भाजलेला सुका बांगडा किंवा आदल्या दिवशीची आटवलेली आमटी असते. पाककृती घरोघरी ठाऊक असल्याने तिचा विस्तार येथे केलेला नाही.

व्युत्पत्ती : हा शब्द संस्कृत ‘पेया’ (पा = पिणे) यापासून प्राकृत ‘पेज्जा’ या पायरीने आला, असे सामान्यतः मानतात. ‘शय्या’चे ‘सेज्जा’ व पुढे ‘शेज’ झाले, तोच हा ध्वनिबदल. लिंगही स्त्रीलिंगच राहिले. त्यामुळे या व्युत्पत्तीविषयी फारशी शंका घेण्याचे कारण दिसत नाही. वाद आहे तो ‘कांजी’बद्दल. संस्कृतातील ‘काञ्जिक’ म्हणजे आंबवलेली आंबट पेज, तर तमिळ-मलयाळममधील ‘कञ्ञि’ म्हणजे साधी, न आंबवलेली. मूळ शब्द द्राविडी असून तो संस्कृतात गेला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मराठीत मात्र ‘कांजी’ला आंबट पाणी आणि खळ असे दोन्ही अर्थ चिकटले. त्यामुळे जुन्या मजकुरात ‘कांजी’ दिसली की ती पेजच, असे धरून चालता येत नाही.

आयुर्वेदीय संहितांत शिजलेल्या तांदळाचे भेद शितांच्या प्रमाणावरून केले आहेत : शिते नसलेला तो मंड, थोडी शिते असलेली ती पेया, पुष्कळ शिते असलेली ती यवागू, आणि द्रव अगदी विरळ राहिलेली ती विलेपी. शार्ङ्गधर संहितेत मंड व पेया यांना चौदापट, यवागूला सहापट व विलेपीला चौपट पाणी सांगितले आहे. या हिशेबाने कोकणातील निवळ म्हणजे मंड. आणि घरात जिला पेज म्हणतात ती बहुधा पेया व यवागू यांच्या मधे कोठेतरी बसते. पेया भूक, तहान, ग्लानी व दुर्बलता घालवते असे ग्रंथकार म्हणतात. वमन-विरेचनानंतर, म्हणजे शरीरातून पुष्कळ द्रव गेल्यावर, आहार पुन्हा पेयेपासूनच सुरू करावयाचा असतो, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

मोडशी व तांदळाचे पाणी : जुलाब-ओकाऱ्यांत तांदळाचे पाणी पाजण्याच्या किनाऱ्यावरील उपचाराचा एक महत्त्वाचा जुना लेखी पुरावा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधिविषयक संवादांत मिळतो. एका झपाट्याच्या रोगाचे वर्णन तो करतो : नाडी लागत नाही, अंग गार, घामही गार, तहान मात्र जळती, डोळे खोल गेलेले, पायांत गोळे, ओकाऱ्या व जुलाब शक्ती संपेपर्यंत. इथले लोक याला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही बिघडवून ‘मोर्देशी’, असे तो नोंदवतो. हा कोकणी-मराठीतील ‘मोडशी’ शब्द (मोडणे, अंग मोडून पडणे). पुढे फ्रेंचांनी त्याचे ‘मोर-द-शियँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, केले. हे रूप केवळ कानाला ऐकू आले तसे घडले असून त्यावरून रोगाच्या स्वरूपाविषयी काही निष्कर्ष काढणे व्यर्थ होय. आज कोकणात मोडशी म्हणजे साधे अपचन. शब्दाची भीती ओसरली.

हा रोग म्हणजे आजचा पटकीच (कॉलरा) काय, याविषयी एकमत नाही. खरी पटकी १८१७ च्या साथीपासूनच पसरली, त्यापूर्वीची वर्णने इतर अतिसारांची आहेत, असे काही अभ्यासक मानतात. ओर्ताने दिलेली लक्षणे पाहता ती पटकीच होती, हा पर्याय नाकारणे अवघड आहे. ते काहीही असो, ती तीव्र निर्जलीभवनाची लक्षणे आहेत यात वाद नाही. अशा रोग्याला मिरी व जिरे घातलेले, तांदळातून गाळलेले पाणी पाजतात व त्याला ‘कांजे’ म्हणतात, असे ओर्ता सांगतो. म्हणजे निवळच. गोव्यात ‘पेज’ रूढ असताना त्याने ‘कांजे’ लिहिले, कारण हा शब्द पोर्तुगीजांच्या तोंडी आधी मलबारात बसला असावा. मिठाचा उल्लेख या ओळीत नाही; त्याचे महत्त्व पुढे येईल.

शारीरक्रिया : सुमारे ७० किग्रॅ. वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात अंदाजे ४२ लिटर पाणी असते. त्यातील दोन-तृतीयांश पेशींच्या आत व बाकीचे बाहेर. बाहेरच्या द्रवातील मुख्य लवण सोडियमचे, आतल्या द्रवातील पोटॅशियमचे. रक्तद्रवाची तर्षणता (विरघळलेल्या कणांचे प्रमाण) दर किग्रॅ.ला २७५ ते २९५ मिलिऑस्मोल या अरुंद पट्ट्यात राखली जाते. ती एक-दोन टक्के वाढली तरी अधोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडील भागातील संवेदी पेशींना कळते. पोष ग्रंथीतून मूत्ररोधक हॉर्मोन स्रवते, वृक्कनलिका (मूत्रपिंडांतील सूक्ष्म नळ्या) पाणी परत शोषतात आणि तहान लागते. वृक्कांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो व त्यातून मूत्र जेमतेम दीड लिटर उरते. मात्र टाकाऊ द्रव्ये बाहेर काढण्यासाठी निदान अर्धा लिटर तरी जावेच लागते.

ही यंत्रणा मोजते ती पाण्याची राशी नव्हे, द्रवाची संहतता (दाटपणा). घामातून पाण्याबरोबर मीठही गेलेले असताना नुसते पाणी प्यायले, तर रक्तद्रव पातळ होतो, तहान लवकर भागते आणि वृक्क ते पाणी सोडून देतात. तूट भरून निघण्याआधीच. आल्डोस्टेरोन या हॉर्मोनामुळे वृक्क व घर्मग्रंथी सोडियम राखू लागतात, परंतु घर्मग्रंथींना त्याची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. मुंबईहून मे महिन्यात गावी येऊन पहिल्याच दिवशी आंबे उतरवायला चढणाऱ्या चाकरमान्याला जे जाणवते, त्याचे एक कारण हे.

कोकणातील हवा विदर्भाइतकी तापत नाही, पण दमट असते. एक लिटर घामाची वाफ झाली तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. निथळून जमिनीवर पडलेल्या घामाने काहीच जात नाही. त्यामुळे चिरेखाणीवर किंवा भाजावळीच्या शेतात शरीर अधिक घाम गाळते व थंडावा कमी मिळवते. घामाच्या लिटरमागे ४० मिलिमोल सोडियम धरले (माणसागणिक हा आकडा बराच बदलतो), तर तीन लिटर घामात सुमारे ७ ग्रॅ. मीठ जाते. पेजेतल्या चिमूटभर मिठाने ते भरून येत नाही. सुका बांगडा व खारातली कैरी ही केवळ तोंडीलावणी नव्हेत, तो पेजेचाच भाग होय. पेज ‘थंड’ असते म्हणून गुणकारी, हे प्रचलित स्पष्टीकरण प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते.

लहान आतड्यातील शोषणाने हे अधिक स्पष्ट होते. तेथील पेशींच्या पृष्ठभागावरील एक प्रथिन ग्लुकोजचा एक रेणू व सोडियमचे दोन आयन एकत्रच आत घेते. पाणी त्यांच्यामागून जाते. हे युगुलवहन रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे मांडले. पटकीचे विष आतड्यातून द्रव बाहेर ओतते, परंतु ही वाट बंद करत नाही. याच आधारावर १९७१ मध्ये बनगाव (पश्चिम बंगाल) येथील निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी मोठ्या प्रमाणावर तोंडाने दिले व मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते ते ४ टक्क्यांखाली आले. अशा द्रावणाच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरला सोडियम व ग्लुकोज प्रत्येकी ७५ मिलिमोल असून एकूण तर्षणता २४५ मिलिऑस्मोल आहे.

ग्लुकोजऐवजी तांदळाचे पीठ (लिटरला ५० ते ८० ग्रॅ.) वापरूनही असे द्रावण होते. स्टार्चचा रेणू मोठा असल्याने तर्षणता वाढत नाही, आणि पचनातून ग्लुकोज हळूहळू सुटत राहते. पटकीत अशा द्रावणाने जुलाबांचे प्रमाण कमी होते; इतर अतिसारांत फरक थोडाच. पेजेच्या निवळीत हे सर्व आहे, फक्त पुरेसे सोडियम नाही. ते लिटरला सुमारे ३ ग्रॅ. मिठाने येते. बिनमिठाची निवळ बाळाला जुलाबात पाजत राहणे म्हणूनच धोक्याचे, आणि अंदाजाने जास्त मीठ टाकणे त्याहूनही. पुडीतील तयार मीठ-साखरेचे (ओआरएस) द्रावण मिळत असल्यास तेच द्यावे. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम थोडे, त्यामुळे ते एकटे याची जागा घेत नाही.

प्रकार : नाचणीच्या पिठाचीही पेज करतात. तान्ह्या मुलांसाठी तांदूळ भाजून, भरडून पेज करण्याची पद्धत आहे. काही घरांत पेजेत ओले खोबरे घालतात.