कॉफीच्या दाण्यातला ओलावा आणि नागपूरची हवा

मे महिन्यातल्या दुपारी नागपूरच्या हवेतली सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली उतरते आणि ऑगस्टमध्ये तीच ८० च्या वर जाते. कुरड्या-पापड घालणाऱ्यांचं उन्हाळ्याचं वेळापत्रक या फरकावरच बेतलेलं असतं. कॉफीचे कच्चे दाणे आणून घरी भाजणाऱ्यांनीही तो तितकाच मनावर घ्यायला हवा. दाणे तेच, कढई तीच, आचही तेवढीच, तरी मे महिन्यात कॉफी करपते आणि पावसाळ्यात आतून कच्ची राहते. अशा वेळी भाजणारा आचेला दोष देतो. खरं तर बदललेलं असतं ते दाण्यातलं पाणी.

कॉफीचं पिकलेलं फळ लाल, करवंदाएवढं असतं. वरून साल, खाली थोडा गोड गर, मग बोटाला चिकटणारा बुळबुळीत थर, त्याखाली पार्चमेंट नावाचं कडक टरफल, त्याच्या आत चंदेरी पापुद्रा आणि सर्वांत आत एकमेकींना चिकटून बसलेल्या दोन बिया. कधी एकच बी भरते आणि गोल होते. तिला पीबेरी म्हणतात. ताज्या फळात ६० टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि व्यापारात फिरणाऱ्या कच्च्या दाण्यात १० ते १२ टक्के. एक किलो कच्चे दाणे मिळवायला ५ ते ६ किलो फळं लागतात, ती मुख्यतः यामुळेच. हे पाणी किती सावकाश आणि किती सारखं काढलं, यावर मळ्यावरचं निम्मं काम तोललेलं असतं.

भारतातली बहुतेक कॉफी कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूतून येते. पण विदर्भालाही तिचा लळा आहे. अमरावती जिल्ह्यातलं चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे कॉफीची झाडं आहेत. नागपूरहून एका दिवसात जाऊन फळ लगडलेली फांदी डोळ्यांनी पाहता येते, याचं मोल दाणे भाजणाऱ्याला नक्की कळेल.

फळातून बी काढण्याचे मुख्य रस्ते दोन. पहिल्यात अख्खं फळच उन्हात वाळवतात. याला दोन ते तीन आठवडे लागतात, दिवसातून बऱ्याचदा फळं उलटीपालटी करावी लागतात आणि रात्री दव पडण्याआधी झाकावी लागतात. या कॉफीला बाजारात ‘चेरी’ म्हणतात. दुसऱ्या रस्त्यात तोडणीच्याच दिवशी फळं पाण्यात सोडतात, तरंगणारी पोकळ फळं काढून टाकतात आणि उरलेली पल्परमधून काढून त्यांची साल उतरवतात. चिकट थर तरीही बीला धरून राहतो, कारण त्यात पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ असतो. मग बिया टाकीत १२ ते ३६ तास आंबवतात. सूक्ष्मजीवांची विकरं पेक्टिन तोडतात आणि थर सुटतो. थंड रात्री हे काम रेंगाळतं, उबदार हवेत लवकर उरकतं, म्हणून घड्याळ बघून टाकी रिकामी करणं धोक्याचं. अनुभवी माणूस मूठभर बिया पाण्यात चोळून बघतो. हात घसरत असेल तर काम बाकी आहे. खडे चोळल्यासारखी खरखर लागली की लगेच धुवायला घ्यायचं. वेळ चुकली तर बिया आंबतात, आणि पुरत्या कुजक्या वासाचा एकच दाणा अख्खं भांडं बिघडवू शकतो. अशा धुतलेल्या अरेबिकाला (अरेबिका ही कॉफीची एक जात) आपल्याकडे ‘प्लँटेशन’ म्हणतात. पिशवीवरचं ‘प्लँटेशन ए’ म्हणजे धुतलेली, मोठ्या दाण्याची अरेबिका.

धुतलेल्या बिया पार्चमेंटसकट आठवडा-दहा दिवस वाळवतात. भर दुपारी त्या झाकून ठेवतात, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं. पण बीचं तापमान ४० अंशांपुढे गेलं की टरफल तडकतं, बाहेरचा भाग घट्ट होतो आणि आतलं पाणी अडकून बसतं. वाळलं समजून पोतं शिवलं जातं आणि महिन्याभरात बी पांढुरकी पडते. उलट १२.५ टक्क्यांहून जास्त ओलावा राहिला तर बुरशीला आमंत्रण.

पाणी मुद्दाम परत बीमध्ये शिरू देण्याची एक पद्धतही आपल्याच देशात रूढ झाली. पूर्वी शिडाच्या जहाजातून युरोपला पोचेपर्यंत कॉफी महिनोन्‌महिने दमट हवा खायची, फुगायची, पिवळसर व्हायची. तिकडच्या लोकांना तीच चव आवडू लागली. जहाजं वेगवान झाल्यावर ती चव टिकवायला पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत वाळलेले दाणे पावसाळी वाऱ्यावर पसरून ठेवायला सुरुवात झाली. हीच मान्सून्ड मलबार. तिची आंबट धार जवळजवळ जाते आणि दाणा इतका सैल होतो की भाजताना मोठी आच त्याला सोसत नाही.

आता नागपूरचं घर. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास असेल तर कच्चा दाणा ११-१२ टक्के ओलाव्यावर स्थिर राहतो. त्याहून कोरड्या हवेत तो पाणी सोडतो, दमट हवेत ओढून घेतो. हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. समजा, ११ टक्के ओलाव्याचे १,००० ग्रॅम दाणे आणले. त्यात ११० ग्रॅम पाणी आणि ८९० ग्रॅम कोरडा भाग. कापडी पिशवीत ठेवलेले हेच दाणे मे अखेरीस ९६० ग्रॅम भरले, तर पाणी उरलं ७० ग्रॅम, म्हणजे साधारण ७.३ टक्के. पावसाळ्यात वजन १,०४० वर गेलं, तर पाणी झालं १५० ग्रॅम, म्हणजे १४.४ टक्के. उन्हाळ्यातल्या कोरड्या दाण्याची आच कमी ठेवून सावकाश सुरुवात करायची. कोरडा झाला म्हणून त्याच्यावर पाणी शिंपडू नये. वरचा थर तेवढा ओला होतो आणि भाजणं आणखीच असमान होतं. पावसाळ्यातल्या ओल्या दाण्याला आधी नाकाशी धरा. कुबट वास येत असेल तर टाकून द्या, भाजून तो वास जात नाही. वास स्वच्छ असेल तर एसीच्या खोलीत ताटांत पसरून वजन उतरू द्या. खरं तर दाणे आणल्या दिवशीच जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवले, तर यातलं काहीच करावं लागत नाही.

भाजायला जाड बुडाची लोखंडी कढई आणि एका वेळी १५० ग्रॅम दाणे. जास्त घातले तर खालचे काळे, वरचे हिरवे. कढई तापली की एक थेंब पाणी टाका. तो चटकन आटला तर थांबा. गोळी होऊन पळू लागला की कढई २०० अंशांच्या आसपास आहे. ती कोरडी पुसून दाणे घाला, आच मध्यम करा आणि लाकडी उलथन्याने सतत हलवत राहा. दहा सेकंदांची उसंतही दाण्याच्या सपाट अंगावर काळा डाग पाडते.

पहिली चार-पाच मिनिटं उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते. दाणा हिरव्याचा फिका, मग पिवळा होतो. वाळल्या गवताचा वास जाऊन भाकरी भाजल्यासारखा वास येऊ लागतो. इथे घाई केली तर सावजी मसाल्यासाठी धणे मोठ्या आचेवर टाकल्यावर होतं तेच होतं, बाहेर काळे आणि आत कच्चे. दाण्याचं तापमान १५० अंशांच्या आसपास गेलं की शर्करा आणि अमिनो आम्लं यांच्यातली मायार अभिक्रिया जोर धरते. तपकिरी रंग आणि कॉफीचा म्हणून आपण ओळखतो त्या वासाचा मोठा भाग तिच्यातून येतो. चंदेरी पापुद्रे सुटून कढईभर उडू लागतात. खिडकी उघडी ठेवा, पण वारा थेट आचेवर येऊ देऊ नका.

आठ ते दहा मिनिटांनी दाण्यातून मक्याची लाही फुटल्यासारखा आवाज येतो. दाण्यात कोंडलेली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड पेशींच्या भिंती फोडून बाहेर पडतात, दाणा फुगतो. याला रोस्टर ‘फर्स्ट क्रॅक’ म्हणतात आणि तेव्हा दाणा १९६ अंशांच्या जवळपास असतो. रंगापेक्षा या आवाजावर भरवसा ठेवावा, कारण ट्यूबलाइटखाली आणि उन्हात तोच दाणा वेगळा दिसतो. पहिला आवाज येण्याच्या अर्धा मिनिट आधी आच थोडी कमी करायची, विझवायची नाही. इथे तापमान अडकून पडलं तर कॉफी ‘बेक’ होते: दिसायला सुरेख, चवीला पुठ्ठा. आवाज सुरू झाल्यापासून दीड ते अडीच मिनिटांत दाणे उतरवले तर हलकी ते मध्यम भाजणी मिळते. तसंच पुढे गेलं की २२४ अंशांच्या सुमारास दुसरा आवाज येतो. तो बारीक असतो, तेलात मोहरी तडतडावी तसा. मग तेल पृष्ठभागावर येतं, आंबटपणा संपतो, कडूपणा वाढतो. दूध-साखर घालून पिणाऱ्यांनी या आवाजाच्या उंबरठ्यापर्यंत खुशाल जावं; काळी पिणाऱ्यांनी इतक्या पुढे जाऊन मळ्याची चव जाळू नये.

कढईतून काढल्यावरही दाणा आतून भाजत राहतो, म्हणून तीन-चार मिनिटांत तो गार व्हायलाच हवा. दोन मोठ्या स्टीलच्या चाळण्यांतून आलटून पालटून ओतत पंख्याखाली गार करा. पापुद्रेही उडून जातात. उन्हाळ्यात कूलरची हवा सोयीची वाटते, पण ती ओलीच असते. गार झालेले दाणे तिच्यासमोर पसरून ठेवू नका. मग वजन करा. १५० चे १२७ ग्रॅम भरले तर घट १५ टक्के, म्हणजे मध्यम भाजणी. १२ टक्क्यांच्या आत घट असेल तर कॉफी गवतासारखी, कच्च्या शेंगदाण्यासारखी लागण्याची शक्यता मोठी; १८ च्या पुढे ती गडद. ओलावा जास्त असलेल्या दाण्यात पाण्याचीच घट मोठी असते, त्यामुळे पावसाळ्यातले १५ टक्के आणि मेमधले १५ टक्के सारखे धरू नयेत.

गार झालेले दाणे ताटात पसरले की सगळे तपकिरी असताना चार-दोन फिके, पिवळसर दिसतात. ते कच्च्या फळातून आलेले असतात. त्यांच्यात साखर कमी, म्हणून रंग चढत नाही. कच्च्या अवस्थेत ते ओळखणं फार अवघड, भाजल्यावर मात्र लपत नाहीत. वेचून टाका, कपातली कागदी, शेंगदाणी चव त्यांचीच.

भाजलेला दाणा कित्येक दिवस कार्बन डायऑक्साइड सोडत राहतो. त्याच दिवशी फिल्टरला लावली तर कॉफी फसफसते आणि पाणी भुकटीत नीट मुरत नाही. तीन ते सात दिवस थांबावं. दुकानातल्या पाकिटावरची एकमार्गी झडप याच वायूसाठी असते. आणि पाकीट घेताना चिकोरीचं प्रमाण वाचा. चिकोरी हे एका झाडाचं भाजलेलं मूळ. भारतीय नियमांनुसार मिश्रणात ती ४९ टक्क्यांपर्यंत चालते. तिने रंग आणि दाटपणा येतो, कॅफीन नाही.

भाजलेल्या दाण्यात पाणी जेमतेम २-३ टक्के उरतं, म्हणून तो कच्च्या दाण्याहून कितीतरी अधीरपणे हवेतला ओलावा ओढतो. पावसाळ्यात एकच मोठी बरणी रोज उघडण्यापेक्षा आठवडाभर पुरेल एवढ्या छोट्या पाकिटांत भरा. उरलेली पाकिटं फ्रीजरमध्ये ठेवायला हरकत नाही, पण बाहेर काढलेलं पाकीट खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. ऑगस्टमधल्या हवेत ते गार असताना उघडलं, तर दाण्यांवर दोन मिनिटांत दव धरतं.