पूरसज्जता, घरगुती (कोल्हापूर जिल्हा)

महापूर, दरड, वीज अशा नैसर्गिक आपत्तींपासून माणसे, जनावरे, धान्य आणि कागदपत्रे वाचवण्यासाठी ग्रामीण कुटुंबाने आधीपासून करून ठेवलेली तयारी. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण काम करते आणि नियंत्रण कक्षाशी १०७७ या क्रमांकावर संपर्क साधता येतो. मात्र इशारा मिळाल्यापासून बोट दारात येईपर्यंतचा काळ प्रत्येक घराला स्वतःच्या बळावर काढावा लागतो आणि कोल्हापूरच्या नदीकाठी हा काळ कित्येकदा दिवसांचा असतो.

जिल्ह्यातील पुराचे मूळ त्याच्या भूरचनेत आहे. पश्चिमेचे गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी हे तालुके सह्याद्रीला लागून असल्याने तेथे धुवाधार पाऊस पडतो, तर पूर्वेचा शिरोळ तालुका पर्जन्यछायेत येतो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखली येथे एकत्र येऊन पंचगंगा होते आणि ती नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. खालच्या भागात उतार कमी आहे, नदी वळणे घेत जाते आणि कृष्णेलाच पूर असला की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही. त्याला फुगी येते. त्यामुळे शिरोळमधील राजापूर, खिद्रापूर किंवा कुरुंदवाडच्या माणसाच्या अंगणात ऊन पडलेले असतानाही मागच्या दाराशी पाणी चढत असते. घरावरच्या आभाळाकडे पाहून पुराचा अंदाज बांधणे ही या भागातील सर्वांत महागात पडणारी सवय आहे.

अंदाजासाठी पाहायच्या खुणा वेगळ्या आहेत. कसबा बावड्याजवळील राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. पावसाळ्यात बाजारात, एसटीत, दूध संस्थेच्या रांगेत सर्वत्र बंधाऱ्यावर पाणी किती फूट आहे हाच आकडा विचारला जातो. राजर्षी शाहू महाराजांनी पायाभरणी केलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात. दरवाजा उघडल्याची बातमी आली की भोगावती आणि पंचगंगेच्या काठच्या घरांनी पुढच्या काही तासांचा हिशेब मांडायला हवा. नृसिंहवाडीला दत्तमंदिरात उत्तरेकडून शिरलेले पाणी पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो. भाविकांसाठी ते पवित्र स्नान असते आणि काठच्या गावांना नदी किती चढली हेही त्यावरून कळते.

२००५ च्या महापुराची रेघ अनेक गावांत भिंतीवर जपली गेली होती. ‘तेव्हा उंबऱ्यापर्यंतच आले होते’ या भरवशावर ऑगस्ट २०१९ मध्ये असंख्य कुटुंबे घरातच थांबली. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले, आठवड्याहून अधिक काळ ते ओसरले नाही आणि पुणे–बंगळूर महामार्ग बंद पडल्याने मदतही अडली. जुलै २०२१ मध्ये पाण्याने पुन्हा ५५ फूट ओलांडले, आणि या वेळी ते दोन-तीन दिवसांतच चढले. मागच्या पुराची रेघ पाणी कुठवर आले होते एवढेच सांगते. पुढचे पाणी तिथे थांबेल असे तिच्यावरून म्हणता येत नाही. भिंतीवर रेघ जरूर असावी, पण घर कधी सोडायचे हे बंधाऱ्यावरच्या फुटांवर आधी ठरवलेले असावे.

घर न सोडण्याचे खरे कारण बहुधा गोठ्यात असते. दुभती म्हैस हे घराचे रोजचे उत्पन्न असल्याने तिला सोडून बोटीत बसणे माणसाला जमत नाही, आणि बोटीत जनावर घेता येत नाही. म्हणून जाणकार घरांत जनावरे माणसांच्या आधी, रस्ता कोरडा असतानाच, माळावरच्या पाहुण्यांकडे किंवा छावणीत वैरणीसह नेली जातात. ज्यांना ते जमले नाही त्यांनी निदान शेवटच्या क्षणी दावी सोडावीत. बांधलेले जनावर जागच्या जागी बुडते, मोकळे जनावर पोहून उंचवटा गाठू शकते. जनावरे हलवण्याच्याही आधीचे काम नदीकाठच्या विद्युत मोटरींचे असते. नदी पात्राबाहेर पडण्याच्या सुमारास चार-पाच जण दोर आणि वासे घेऊन मळीत (नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत) उतरतात आणि चिखलातून मोटर खांद्यावर वर आणतात. हे काम दिवसाउजेडी आणि वीज बंद करूनच व्हावे.

घरातील तयारी तुलनेने सोपी आहे. सातबारा, रेशनकार्ड, आधार, पासबुक एका जाड प्लास्टिक पिशवीत, धान्य माळ्यावर, निघताना मेन स्विच आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे पिण्याचे पाणी. २०१९ मध्ये उपसा केंद्रे बुडाल्याने चहूकडे पाणी असूनही कोल्हापूर शहराचे नळ कोरडे होते. रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या असाव्यात. गरोदर स्त्रिया आणि अंथरुणावरच्या वृद्धांना बंधारे पाण्याखाली जाण्यापूर्वीच हलवावे, कारण बंधारा बुडाला की त्यावरून जाणारा गावाचा जवळचा रस्ता तुटतो. चिखली आणि आंबेवाडीच्या ग्रामस्थांसाठी १९८९ च्या पुरानंतर सोनतळी येथे जागा देण्यात आली. शेती आणि गोठा जुन्या गावात असल्याने पुष्कळ जण आजही खालीच राहतात आणि पाणी वाढले की वर जातात.

पुराखेरीज पश्चिमेच्या डोंगरउतारांवर दरडीचा धोका असतो. जमिनीला पडलेली नवी भेग, कललेली झाडे आणि झऱ्याला अचानक आलेले गढूळ पाणी या तिच्या पूर्वखुणा आहेत. वळवाच्या पावसात शेतात वीज पडते. झाडाचा आडोसा टाळावा. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचे धक्के कोल्हापुरातही जाणवले होते.

पाणी उतरताना धोका संपत नाही. भिजलेली मातीची भिंत कित्येकदा ऊन पडल्यावर ढासळते, त्यामुळे भिंत ठोकून पाहिल्याशिवाय आत झोपू नये. कोरड्या जागेच्या शोधात आलेले नाग, घोणस, मण्यार फडताळात, जळणाच्या ढिगात किंवा अंथरुणाच्या वळकटीत सापडतात. दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न घालवता प्रतिविष असलेले शासकीय रुग्णालय गाठावे. विहीर उपसून टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करणारी क्लोरीनयुक्त पूड) टाकेपर्यंत पाणी उकळून प्यावे. चिखल धुण्यापूर्वी घराची, पिकाची आणि मेलेल्या जनावरांची छायाचित्रे काढून ठेवावीत. पंचनाम्याला तलाठी (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) येतो तेव्हा भिंतीवरची पाण्याची रेघ बऱ्याचदा धुऊन गेलेली असते.