सरकारी रुग्णालयात दातांचे उपचार: पात्रता, कागदपत्रे आणि नोंदणी

केंद्र शासनाने 2014 साली सुरू केलेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमाचा अर्ज कोठे मिळतो, असे अनेक जण विचारतात. असा अर्जच नाही. हा कार्यक्रम म्हणजे खात्यात रक्कम जमा करणारी योजना नव्हे. दंतरोग व मुखरोगांचा भार कमी व्हावा आणि ही सेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेतच मिळावी, यासाठी राज्यांना दंतवैद्य, सहायक, दंतखुर्ची व साहित्य यांकरिता साहाय्य देणारी ती व्यवस्था आहे. नागरिकाच्या दृष्टीने केसपेपर हाच अर्ज.

त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. मात्र प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य असतोच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी आरोग्य सेविकेकडे चौकशी करावी. नोंदणी खिडकीवर नाव, वय व पत्ता सांगून केसपेपर काढावा. आधार कार्ड किंवा आभा क्रमांक, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याचा 14 अंकी क्रमांक, जवळ असल्यास नोंद लवकर होते. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून निःशुल्क आहेत. शासकीय वैद्यकीय व दंत महाविद्यालये दुसऱ्या विभागाकडे असल्याने तेथील शुल्क वेगळे असते. खिडकीवर कोणी मागणार नाही, पण मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चिठ्ठी अवश्य न्यावी, कारण दात काढण्याआधी डॉक्टरांना आधार कार्डापेक्षा तिचाच उपयोग अधिक.

जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत एकदा येते, आणि दंतविकारांबरोबर दुभंगलेले ओठ व टाळूही तपासते. पथकाने दिलेली संदर्भ चिठ्ठी जपून ठेवावी. पुढील रुग्णालयात तीच दाखवायची असते.

तीस वर्षांवरील व्यक्तींची मुखकर्करोगाची प्राथमिक तपासणी होते. आशा कार्यकर्ती घरी येऊन प्रश्नावली भरते, तेव्हा तंबाखूचे उत्तर संकोचाने ‘नाही’ असे देऊ नये, आणि मिश्री लावण्याची सवयही सांगावी, कारण पुढील तपासणीत कोणाला प्राधान्य द्यायचे हे याच उत्तरांवर ठरते. तोंडातील न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पुरेसे न उघडणे यांपैकी काही असल्यास प्रश्नावलीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आयुष्मान कार्डाबाबत गैरसमज फार आहे. दात भरणे, कवळी बसविणे यांसारखे बाह्यरुग्ण उपचार त्यात येत नाहीत. जबड्याचा अस्थिभंग किंवा मुखकर्करोग यांवरील, रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या शस्त्रक्रियांसाठी ते वापरता येते, आणि तेही योजनेशी संलग्न रुग्णालयातच. अशा वेळी कार्ड, आधार कार्ड, शिधापत्रिका व तपासणी अहवाल घेऊन तेथील आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या लाभार्थ्यांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, जावे. शस्त्रक्रियेची पूर्वमंजुरी रुग्णालय मागवते, रुग्णाने त्यासाठी वेगळा अर्ज करावयाचा नसतो.