प्रश्नोत्तरी कीर्तन

प्रश्नोत्तरी कीर्तन : श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याच उत्तरांवरून पुढे सरकणारे कीर्तन. विदर्भातील खेड्यांत, विशेषतः वऱ्हाडात, ते संत गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) नावाने ओळखले जाते.

नारदीय कीर्तनाला पूर्वरंग (तत्त्वाचे निरूपण) आणि उत्तररंग (त्यावरचे आख्यान) असतो. वारकरी कीर्तनात अभंगाचे निरूपण. दोन्हींत बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक. बाबांनी ही मांडणीच उलटवली. दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री ‘गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला’च्या गजरावर उभे राहून साध्या वऱ्हाडीत विचारायचे. देवळात अंधार असला तर देव दिसतो का? नाही. मग दाखवतो कोण? दिवा. तर मग मोठा कोण? इथे सभा घुटमळे, आणि बाबा थांबत. उत्तर लोकांच्या तोंडून आल्याशिवाय ते पुढे जात नसत. या थांबण्यातच पद्धतीचे सगळे बळ आहे. सांगितलेली गोष्ट घरी जाईपर्यंत विसरता येते. स्वतः चारचौघांत दिलेले उत्तर तसे झटकता येत नाही.

देवभक्तीवर बाबांचा राग नव्हता. गजर तर देवाचाच होता. त्यांचे प्रश्न नवसाच्या बकऱ्यावर, दारूवर, शिवाशिवीवर आणि सण-लग्नासाठी काढलेल्या कर्जावर असत. हे प्रश्न पोथीतून नव्हे, त्यांच्या आयुष्यातून आलेले होते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जाणोरकर म्हणून बाबा जन्मले. वडील दारूने गेले. दापुऱ्याला मामाकडे ते वाढले, आणि तिथे मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यांनी पाहिली. मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून त्यांनी गोड जेवण घातले. आधी घरात आणि मग गावात, असा हा क्रम होता. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले.

त्यांची तुलना ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिसशी होते आणि ती योग्यच आहे; पण एक फरक सहसा निसटतो. अथेन्समध्ये सॉक्रेटिस शहाणे म्हणवणाऱ्यांना विचारी आणि त्यांचे अज्ञान उघडे पाडी. बाबांनी विचारले ते मजुराला, कुळाला, अक्षरओळख नसलेल्या बाईला. या माणसांना प्रश्न येई तो पाटलाकडून किंवा सावकाराच्या ओट्यावर, आणि तोही धाक घालायला. तुला काय वाटते, असे कुणी विचारतच नसे. म्हणून प्रश्न विचारणाऱ्या तत्त्वज्ञाचा समाजाला उपयोग काय, याचे उत्तर वऱ्हाडात फार ठोस मिळते : ज्यांचे मत कधी धरलेच जात नव्हते, त्यांना आपल्यालाही विचार करता येतो हे त्याने दाखवून दिले.

बाबांनी पायाला हात लावू दिला नाही, शिष्य केले नाहीत. गुरू झाले असते, तर त्यांचे प्रश्न आज्ञा ठरले असते.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला त्यांचे शेवटचे कीर्तन झाले. २० डिसेंबरला अमरावतीकडे येताना वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात, त्यांचे निधन झाले. आज जयंती-पुण्यतिथीला गावोगावी चिंध्यांचा अंगरखा, डोक्यावर गाडग्याचे खापर आणि हातात खराटा घेऊन कीर्तने होतात. प्रश्न तेच असतात. श्रोत्यांना उत्तरे पाठ असतात आणि ती तत्काळ, एका सुरात येतात. हुंडा किंवा कर्जमाफीनंतर पुन्हा काढलेले कर्ज असा एखादा नवा प्रश्न आला, की मांडव पुन्हा गप्प होतो.